पाचर

मानस म्हणतात आमच्या चिंचिणीत, पाण्याच्या दाराला.
शाळेतल्या मराठीच्या मास्तरांना त्याचं फार नवल:
तुमचं मन बांधात बसवलेलं असतं का रे, बोस्त्यांव?
हो, मास्तर. माटीच्या लाकडाच्या दोन फळ्या.
भरती आली की पाणीच त्यांना ढकलून मिटवतं,
ओहोटी लागली की पाणीच उघडतं.
राखणदाराचं काम थोडकंच:
शेवाळ खरवडायचं,
आणि फळ्यांच्या मधे काही येऊ द्यायचं नाही.

मी पाचर घातली.

आंब्याच्या फांदीची, वीतभर.
कोळंबीचा ठेकेदार म्हणाला होता, एकच रात्र,
अवसेच्या उधाणाची.
बाराशे रुपये.
बांधावर कंदील ठेवून मी ते दोनदा मोजले,
आणि खाली साळ नदी आत शिरत होती,
चोरासारखी नाही, घरच्यासारखी.

सकाळी आप्लीनचं पोटरीवर आलेलं भात उभंच होतं.
हिरवंगार. मीठ लगेच मारत नाही.
आठ दिवसांनी पिवळं पडलं.
महिन्याभरात तिचा नवरा मुरगावच्या गोदीत हमालीला गेला
आणि तिथून आला तो चौघांच्या खांद्यावरून.

एकोणीस वर्षं मी फेस्ताला लाल ओपा घातला.
कुमसाराला बसून पापं सांगितली:
शिव्या, फेणी, कुणाचे चार नारळ.
चिल्लर मोजून द्यावी
आणि नोट आतल्या खिशात राहू द्यावी, तशी.
तू चिल्लर घेत राहिलास, प्रभू. काही बोलला नाहीस.
आणि मी समजलो, तुला मोजता येत नाही.

ह्या राखेच्या बुधवारी नवा पाद्री,
नातवाच्या वयाचा, माझ्या कपाळाशी थांबला.
राख टिकत नव्हती. मला घाम फुटला होता.
त्याच संध्याकाळी जाळीला तोंड लावून
सगळं सांगून टाकलं, बाराशेच्या आकड्यासकट.
मला वाटलं, जुन्या गोव्यापर्यंत गुडघ्यांवर पाठवील.
तो म्हणाला, देवाकडचं आज मिटलं.
आता तिच्या दारात जा.
गुडघे बरे होते, पाद्री. दार फार लांब आहे.

ती कोरगुट पाखडत होती,
ते तांबडं भात, जे खारातही उगवतं.
मी उभ्यानेच सांगितलं; बस म्हणाली नव्हती.
सूप चालूच राहिलं.
मग म्हणाली, "कंदील पाहिला होता मी त्या रात्री.
तू वाकलेला होतास.
वाटलं, प्रार्थना करतोयस.

आठ दिवसांनी कळलं.
पुढे सहा वर्षं, 'आमच्या बापा' म्हणताना
क्षमेच्या ओळीला मी ओठ मिटायचे.
इगर्जीत सगळे म्हणायचे, मी नाही.
मग एका रविवारी ती ओळ तोंडातून गेली.
मी म्हटली नाही रे. गेली."

तेरा वर्षं!
तेरा वर्षं मी सुटलेला होतो
आणि कोठडीचं दार आतून धरून बसलो होतो.

मला रडायचं होतं. तेही तिने नीट होऊ दिलं नाही.
पेजेचा वाडगा पुढे सरकवला.
"मीठ कमी आहे. हवं तर शेतात आहे,
तूच आणलेलं."
हसली नाही. पेज मात्र गरम होती.

रात्री मानशीवर गेलो.
पाचर मी त्याच पहाटे नदीत फेकलेली,
तरी फटीतून बोटं फिरवली. नुसती कालवं.
एक बोट कापलं, ते चोखलं: खारट.
भरती चढत होती.
फळ्या हलल्या, कुरकुरल्या, एकमेकींना टेकल्या.

दार लावावं लागत नाही, मास्तर.
मधलं काढून घेतलं की पाणीच लावतं.

उद्या तिच्या बांधाला माती घालायची आहे.
बाराशेचे आता किती होतात,
तेही कुणाला तरी विचारायला हवं.